व्याख्यान संपल्यावर

प्रवचन आणि व्याख्यान यांत फरक काय, असे कोणी काही वर्षांपूर्वी विचारले असते, तर आम्ही सेमिनरीत पाठ केलेले उत्तर दिले असते: प्रवचनाचा आधार देवशब्द, व्याख्यानाचा आधार माणसाचा अभ्यास. उत्तर चूक नाही. परंतु गेल्या वर्षी उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात तीन व्याख्याने झाली आणि दुसराच एक फरक आमच्या ध्यानी आला. प्रवचन संपले की लोक उभे राहतात ते आपली श्रद्धा प्रकट करायला. व्याख्यान संपले की एखादा उभा राहतो तो प्रश्न विचारायला. गेली सत्तावीस वर्षे आम्ही वेदीवरून बोलत आलो. या काळात भर सभेत आम्हांला कोणी प्रश्न विचारला नव्हता. तो विचारला गेला तेव्हा काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

व्याख्यानांची कल्पना आमची नव्हे. पाळकीय मंडळाच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने ती मांडली. त्या म्हणाल्या, ‘फादर, आपला हॉल लग्नांना आणि साखरपुड्यांना भाड्याने जातो, नाताळात हाऊजीला भरतो. एरवी त्याला कुलूप. तिथे कला, संस्कृती, जगातल्या घडामोडी यांवर चार चांगली व्याख्याने का होऊ नयेत?’ यावर बरीच चर्चा झाली. एकांचे म्हणणे असे की, उपवासकाळात क्रूसाची वाट असते, तिच्या जोडीला चित्रांच्या गप्पा कशाला? दुसरे म्हणाले, मोबाईलवर सगळे घरबसल्या मिळते, ऐकायला येणार कोण? दोन्ही आक्षेप ऐकून आम्ही गप्प बसलो. खरे सांगायचे तर आम्हांलाही फारशी उमेद नव्हती.

मात्र त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली. आपल्या धर्मग्रामांतील व्हिन्सेंट डी पॉल संस्था गरिबांच्या घरी तांदूळ आणि औषधे पोहोचवते. १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू करणारे धन्य फ्रेडरिक ओझानाम तेव्हा कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. त्याच ओझानाम यांनी मित्रांना घेऊन पॅरिसच्या महागुरूंची भेट घेतली आणि विनंती केली की, शिकलेल्या तरुणांच्या मनातील प्रश्नांना हात घालणारी व्याख्याने मंदिरात व्हावीत. त्यातूनच १८३५ सालच्या उपवासकाळात नोत्र दाम महामंदिरात फादर लाकोर्देर यांची व्याख्याने सुरू झाली. ती ऐकायला अलोट गर्दी लोटली आणि ही प्रथा पुढे दीर्घकाळ चालू राहिली. म्हणजे ज्या तरुणाने गरिबाच्या भाकरीची चिंता केली, त्यालाच लोकांच्या बुद्धीच्या भुकेचीही चिंता होती. आम्ही त्याची भाकरीची शिकवण उचलली आणि दुसरी विसरून गेलो.

महाराष्ट्राला तर हे नवे नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. इतिहास, अर्थकारण, साहित्य, समाजसुधारणा असे विषय त्या व्यासपीठाने सामान्य श्रोत्यांपुढे आणले. पुढे गावोगावी अशा व्याख्यानमाला निघाल्या. पदवी नसलेल्या माणसांनीही दर वर्षी तिथे बसून जगाची ओळख करून घेतली. मराठी मनाच्या घडणीत या खुर्च्यांचा वाटा मोठा आहे. त्यांवर आपल्या समाजाची माणसे थोडी बसली असतील, ही आमची खंत.

पुढच्या बैठकीत हे सारे आम्ही सांगितले आणि तीन शुक्रवार ठरले. क्रूसाची वाट झाल्यावर साडेसातला सुरुवात, एक तास व्याख्यान, अर्धा तास प्रश्न. मंदिराच्या फाटकावर लावायला विषयांचा एक फ्लेक्स नाक्यावरच्या दुकानातून छापून आणवला. त्या दुकानाची गोष्ट पुढे येईल.

पहिले व्याख्यान मुंबईच्या एका निवृत्त प्राध्यापकांचे. विषय होता, मोगल दरबारातील ख्रिस्ती चित्रे. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, माणसे जेमतेम चाळीस. वक्त्यांनी मात्र ते मनावर घेतले नाही. १५८० साली गोव्याहून निघालेले येशूसंघीय फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे सोबती फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले, तेथून त्यांनी सुरुवात केली. त्या फादरांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतील बायबल, त्याचे मोठे खंड, भेट दिले. रोमच्या सांता मारिया मज्जोरेतील मातेच्या चित्राची प्रतही त्यांच्यापाशी होती. बादशहाने बायबलचे खंड आदराने मस्तकी लावले. तो काही ख्रिस्ती झाला नाही. पण त्याच्या चित्रकारांनी ती चित्रे डोळ्यांत साठवली. मग वक्त्यांनी पडद्यावर एक लहानसे रेखाचित्र दाखवले. क्रूसाखाली हात जुळवून उभा असलेला संत योहान. मूळ चित्र जर्मनीच्या ड्यूररचे. त्यावरून हे रेखाटन १६०० साली केले ते अबुल हसन या मुलाने, वयाच्या तेराव्या वर्षी. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. हॉलमध्ये मागे बसलेली आठवीतील दोन मुले ते पाहून एकदम पुढे सरसावून बसली. ‘आमच्याएवढा!’ एक जण पुटपुटला. ते आम्ही ऐकले आणि प्राध्यापकांच्या प्रवासाचे सार्थक झाले असे वाटले.

दुसऱ्या शुक्रवारी माणसे दुप्पट झाली. जपानात काही वर्षे सेवा करून आलेल्या एका धर्मभगिनी नागासाकीवर बोलणार होत्या, आणि नागासाकी म्हटले की वसईचा माणूस कान टवकारतो. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी म्हणून जपानात गेले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण पावले. १८६२ साली ते संतपदी पोहोचले. आपण इथवरचे जाणतो, त्यांचा सण साजरा करतो आणि थांबतो. सिस्टरांनी त्यापुढची कथा सांगितली. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू गेले, मंदिरे गेली. परंतु उराकामी परिसरातील शेतकऱ्यांनी दोन शतकांहून अधिक काळ लपूनछपून श्रद्धा जपली. मरियामातेची मूर्ती उघड ठेवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून त्यांनी कान्नोन या बौद्ध करुणामूर्तीची, मांडीवर बाळ घेतलेली पांढरी चिनी मातीची मूर्ती घरात ठेवली आणि तिच्यापुढे मनोमन मरियेची प्रार्थना केली. सिस्टर म्हणाल्या, ‘कान्नोन म्हणजे कोणी परकी नव्हे. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत अवलोकितेश्वर आहे ना, त्याचेच ते जपानी रूप.’ कान्हेरीला शाळेच्या सहली नेणाऱ्या आमच्या शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिले.

१७ मार्च १८६५ रोजी यांतील काही जण नागासाकीत नव्याने बांधलेल्या फ्रेंच मिशनरींच्या मंदिरात आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? त्यांच्या वंशजांनी पुढे उराकामीत महामंदिर उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याच्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबॉम्ब फुटला. तेव्हा मंदिरात स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी पापनिवेदने चालू होती. आत होते त्यांपैकी कोणी वाचले नाही. ढिगाऱ्यात नंतर वेदीवरच्या लाकडी मरियामूर्तीचे फक्त मस्तक सापडले. गाल भाजलेले, काचेचे डोळे वितळून तिथे दोन काळी खोबणी. २०१९ साली पोप फ्रान्सिस नागासाकीला गेले तेव्हा मिस्साच्या वेळी ते मस्तक वेदीजवळ ठेवले होते. सिस्टरांनी ते पडद्यावर दाखवले आणि त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. प्रश्नांच्या वेळी अण्वस्त्रांविषयी, युद्धांविषयी, आपल्या देशाच्या धोरणाविषयी पुष्कळ विचारणा झाली. मतभेदही झाले, आवाज चढले. मंदिराच्या आवारात राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांना सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘उराकामीच्या लोकांनाही तसेच वाटत असेल.’

तिसऱ्या व्याख्यानाचा विषय होता, गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका. वक्ते ऐन वेळी आजारी पडले. त्यांनी चित्रे आणि टिपणे पाठवून दिली, आणि व्याख्यान रद्द करण्याऐवजी आम्हीच उभे राहायचे ठरवले. सेमिनरीत असताना ख्रिस्ती कलेवर थोडे वाचन केले होते, त्याच्या बळावर.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ सालचा, गोव्यातील सांत इस्तेवचा. ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडले. तेथील जलरंगाची मृदू पद्धत त्यांनी आत्मसात केली आणि गोव्यात परतून मरियामाता रंगवली ती साडीतली, डोक्यावर पदर घेतलेली, भारतीय वर्णाची. पोर्तुगीज राजवटीतील त्या समाजाला ते रुचले नाही. मरियेने गौरवर्णी असावे आणि निळा झगा घालावा, हेच लोकांना ठाऊक. टीकेला कंटाळून फोन्सेका पुण्याला आले. त्यांना आसरा मिळाला तो शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. हा आश्रम अँग्लिकन पंथाचा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या संघाचा. आमच्या एका कॅथलिक चित्रकाराची चौकट दुसऱ्यांच्या घरात टांगली गेली, ही गोष्ट सांगताना आमचा आवाज थोडा चढला होता. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजचे फादर हेरास यांच्यासारख्या जाणकारांनी त्यांना उत्तेजन दिले, हेही आम्ही सांगितले. १९६७ साली ते पुण्यातच वारले. त्यांची पुष्कळ चित्रे पत्नीने जपली आणि ती पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोहोचली. आज तिथे ती सन्मानाने नांदत आहेत.

मग आम्ही जोशात आलो. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने प्रभूची कथा मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत गायिली. स्टीफन्स यांनी शब्दांत जे केले तेच फोन्सेका यांनी रंगांत केले, असे आम्ही म्हणालो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक दस्तऐवज दिला. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, प्रत्येक काळाच्या आणि लोकांच्या कलेला मंदिरात स्थान आहे, असे त्यात १२३ व्या परिच्छेदात सांगितले आहे. तेही आम्ही क्रमांकासह उद्धृत केले. टाळ्या झाल्या.

पहिला प्रश्न शेवटच्या रांगेतून आला. उभा होता तो नाक्यावरचा फ्लेक्सवाला. आमच्या व्याख्यानांचा फलक त्यानेच छापला होता, आणि छापता छापता त्यावरचे फोन्सेका यांचे चित्र पाहून तो आला होता. तो म्हणाला, ‘फादर, हे चित्रकार १९६७ साली वारले. परिषदेचा कागद १९६३ सालचा. म्हणजे आमच्या वेळी हे सगळं होऊन गेलेलं होतं. तेव्हा ते आम्हांला कोणी का नाही सांगितलं?’

आवाजात राग नव्हता. खरोखर जाणून घ्यावे, असा सूर होता. हॉलमधील बहुतेकांना तो एक साधा प्रश्न वाटला असेल. आम्हांला मात्र खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो, गुरुदीक्षा होऊन काही महिनेच झालेले. त्या वर्षी नाताळच्या गोठ्यामागे लावायला एका तरुणाने प्लायवूडवर चित्र रंगवून आणले. वीस वर्षांचा मुलगा, दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे काम करणारा. चित्रात आपली वसईची वाडी होती: केळी, पानवेल, रहाटाची विहीर. विहिरीशेजारी बाळाला घेऊन मरियामाता बसली होती, लाल चौकड्यांचे लुगडे नेसून, आपल्या कुपारी बायका नेसतात तसे. संत योसेफाच्या कमरेला कोयता होता. आम्ही चित्र पाहिले आणि म्हणालो, ‘मरियामातेला लुगडे? लोक हसतील. वेदीजवळ हे शोभणार नाही.’ मुलाने वाद घातला नाही. तो फळी सायकलला बांधून घेऊन गेला. गोठ्यामागे आम्ही मुंबईहून आणलेला छापील पडदा लावला. त्यावर बर्फ आणि सूचिपर्णी झाडे होती.

त्याच्या प्रश्नाचे सोपे उत्तर हाताशी होते: त्या वेळी हे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. परंतु ते खोटे ठरले असते. आम्हांला ठाऊक होते. सेमिनरीत उपासनाशास्त्राच्या परीक्षेत याच परिच्छेदावर आम्ही दोन पाने उत्तर लिहिले होते आणि उत्तम गुण मिळवले होते. फोन्सेका यांचे नावही वाचलेले होते. ते ज्ञान आम्ही परीक्षेपुरते वापरले, ट्रंकेत ठेवले आणि धर्मग्रामात आलो ते कुलूप लावूनच. लोक हसतील असे आम्ही म्हणालो होतो. पण लोकांना काही सांगितलेच नव्हते, तर ते दुसरे काय करणार?

आम्ही म्हणालो, ‘आम्हांला ठाऊक होते आणि आम्ही सांगितले नाही. तुमचे चित्र परत पाठवले तेव्हा चूक आमची होती.’ हॉल शांत झाला. तो ‘बरं फादर’ म्हणाला आणि खाली बसला. त्यानंतर कोणाला आणखी प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. सभा नेहमीसारखी चहाने संपली.

दोन दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. फळी अजून होती. माजघर आणि सामानाची खोली यांच्यामध्ये आडोसा म्हणून ती उभी केली होती, रंगाची बाजू आत. खालच्या अर्ध्या भागाला वाळवी लागून विहीर आणि योसेफाचे पाय गेले होते. मरियेचा चेहरा आणि लुगड्याचा लाल रंग शाबूत होता. पाहत असताना आमच्या मागे त्याची आई येऊन उभी राहिली. पंचाहत्तरीची, रोज पहाटेच्या मिस्साला पहिल्या बाकावर बसणारी. लुगडे लाल चौकड्यांचे. चेहरा पाहिला आणि आम्हांला तेव्हा कुठे कळले की, चित्रासाठी मुलाने कोणाला समोर बसवले होते. सहायक असताना आणि आता प्रमुख धर्मगुरू म्हणूनही आम्ही या बाईंच्या हातावर ख्रिस्तशरीर ठेवत आलो होतो. आपले लुगडे वेदीजवळ शोभत नाही, हे त्यांनी मुलाच्या तोंडून ऐकले होते, आणि दुसऱ्या दिवशीही त्या मिस्साला आल्या होत्या.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी आमच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, ‘फादर, तेव्हा तुम्ही पोरच होतात की.’ मग चहा टाकायला आत गेल्या.

ते चित्र आता तरी मंदिरात लावू द्या, अशी आम्ही विनंती केली. तो म्हणाला, ‘राहू दे फादर, घरातच बरं. आईला सवय झालीय.’ पुन्हा नवे काढणार का, या प्रश्नावर त्याने मान हलवली. फ्लेक्स आल्यापासून कुंचला हातात धरलेला नाही, हात वळत नाही आता, असे म्हणाला. काही गोष्टी उशिरा कबूल केल्याने भरून येत नाहीत. पापनिवेदन ऐकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे होते.

धर्मगुरूला ख्रिस्तसभा दहा-अकरा वर्षे शिकवते. तत्त्वज्ञान, इतिहास, कला, जगाचे व्यवहार यांची तोंडओळख करून देते. या शिक्षणाचा खर्च लोकांच्या दानातून होतो. रविवारच्या थैलीत नाणे टाकणाऱ्या आजीचा त्यात वाटा असतो. मग ते ज्ञान तिच्या हक्काचे नाही काय? आपण ते प्रवचनाच्या दहा मिनिटांत बसत नाही म्हणून बाजूला ठेवतो, आणि पुढे लोकांना कळत नाही म्हणून लोकांनाच बोल लावतो. व्याख्यानाचा हॉल यासाठी हवा. तेथे शिकलेल्याने आपली ट्रंक उघडावी आणि न शिकलेल्याने हात वर करून विचारावे, ‘हे तेव्हा का नाही सांगितलं?’ असा प्रश्न विचारता येतो तेथे धर्मग्राम जिवंत आहे असे समजावे. उत्तर देणाऱ्याची त्यात थोडी शोभा होते, तर होऊ द्यावी.

येत्या उपवासकाळात पुन्हा तीन शुक्रवार ठरले आहेत. विषय ठरवताना पाळकीय मंडळात या वेळी आक्षेप निघाले नाहीत, उलट नावांची यादीच लांबली. पहिले व्याख्यान आहे हाताने रंगवलेल्या पाट्यांवर: देवनागरी अक्षराला वळण कसे द्यायचे, दुरून वाचता यावे म्हणून कोणता रंग कोणावर चढवायचा, शिडीवर उभे राहून रेघ सरळ कशी ओढायची. वक्ता नाक्यावरचा आहे. आधी तो नाहीच म्हणत होता. ‘मला बोलता येत नाही, फादर,’ म्हणाला. आम्ही म्हणालो, प्रश्न तर नेमका विचारता येतो. शेवटी त्याने एक अट घातली: समोर फळा हवा आणि ब्रश हवा, बोलता नाही आले तर काढून दाखवीन. आम्ही दोन्हींची सोय केली आहे. सर्वांनी वेळेवर यावे.